आषाढाचं ढेकूळ

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली की नंदुरबारच्या बाजारात रस्त्याच्या कडेने घागरी मांडल्या जातात. शेजारी खरबुजांचे ढीग असतात, आणि त्यांच्या वासाने घाईतला माणूसही क्षणभर थांबतो. मी दरवर्षी एकाच कुंभारणीकडे जाते. इतर बायका घागर उचलतात, बोटाने वाजवून बघतात आणि ठणठणीत आवाज आला तरच घेतात. मी मात्र तिला म्हणते, जरा झिरपणारी दे. पहिल्या वर्षी तिने मला नीट निरखून पाहिलं. म्हणाली, "बाई, लोके झिरपनारी घागर माले वापस आनी देतस, आनि तुम्ही मांगी लेतस?" आता ती विचारत नाही. माझ्यासाठी एखादी कमी भाजलेली घागर बाजूला ठेवते आणि किंमत मात्र पुरी घेते.

घरी आणून ती घागर मी पाटावर ठेवते. खाली ढेकळं नसतात. शहरात ढेकूळ मिळणं सोपं नाही. कुंडीतल्या मातीचं ढेकूळ होत नाही, आणि दुसऱ्याच्या वावरातून आणायचं तर त्याला काय सांगायचं? मग मी नुसतीच बसून राहते आणि घागरीच्या पोटावरून पाण्याचा थेंब कसा खाली सरकतो ते बघते. निम्मं आयुष्य शाळेत मुलींना शिकवण्यात गेलं. मुलींच्या पुष्कळ शंकांची उत्तरं मी दिली, काही चुकीचीही दिली असतील. पण माझी स्वतःची एक शंका तशीच राहिली आहे. घागरीखालच्या मातीला पुढच्या पावसाचं काय कळत असेल, ही ती शंका नाही. मातीला काही कळत नाही. ज्यांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, ती शहाणी माणसं तिला दरवर्षी का विचारत होती, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आमच्याकडे, म्हणजे रनाळ्याच्या बाजूच्या आमच्या खेड्यात, आखाजीच्या सकाळी पितरांसाठी घागर भरत. ती जमिनीवर ठेवत नसत, चार ढेकळांवर ठेवत. एक ढेकूळ आषाढाचं, एक श्रावणाचं, एक भाद्रपदाचं, एक आश्विनाचं. घागर दिवसभर झिरपायची, रात्रभर झिरपायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलायची आणि बघायचं. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त, जे कोरडं राहिलं तो महिना कोरडा. एवढंच ते शास्त्र. ढेकळं मात्र स्वतःच्याच वावरातली हवीत, चार कोपऱ्यांतली चार, आणि ती घरच्या लेकीने आणायची, असा आमच्या घरचा नेम होता. आमच्या घरात लेक एकच होती. मी, कौतिक.

मी सांगते आहे ती आखाजी दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तिच्या आदल्या वर्षी पाऊस येतो येतो म्हणता गेला होता. उन्हाळा कसा होता हे मला आवाजांवरून आठवतं. विहिरीत पोहरा पडला की पाण्याचा आवाज यायचा नाही, खडकावर आपटल्याचा यायचा. कडबा संपल्यामुळे बैल रिकाम्या गव्हाणीच्या लाकडाला शिंगं घासत राहायचे, तो एक आवाज. आणि तिसरा जात्याचा. तो फार लवकर थांबायचा.

माझी माय ज्वारीच्या पिठात कुळथाचं पीठ मिसळायची. भाकरी काळपट व्हायची आणि थापताना कडेला फाटायची. माय फाटलेली कडा बोटाने जुळवत बसायची. आखाजीला आमच्याकडे सांजोऱ्या करतात, त्या वर्षीही केल्या, पण गूळ इतका थोडा होता की सांजोरी पितरांना मिळाली आणि आम्हाला तिचा तुकडा. पितरांनी काही तक्रार केली नाही, मी केली. मग मायने स्वतःचा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि मी तो खाल्ला, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीची एक कोठी होती. तिच्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ज्वारीचं बी ठेवलेलं होतं आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकलेलं होतं. दळणाची टोपली रिकामी झाली की मायची नजर त्या कोठीकडे जायची आणि परत यायची. मी एकदा विचारलं, "माय, ते काढं ते?" माय म्हणाली, "ते बी शे. खावानं नही." तिने आवाज चढवला नव्हता, तरी मी पुन्हा विचारलं नाही.

आता वेस्ताविषयी सांगायला हवं. वेस्ता आमचा सालदार. सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. त्या वेळी मालकाने 'राहा' म्हटलं तर तो राहतो, नाही तर दुसरं घर बघतो. वेस्ता आमच्याकडे सहा आखाज्या राहिला होता. तो अक्राणीकडच्या डोंगरातला भिल्ल. बायको जतरी आणि दोन लेकरं घेऊन आमच्या वावराच्या बांधावर खोपी करून राहायचा. खोपीत ती माणसं आपल्या बोलीत बोलायची, आमच्याशी बोलताना आमच्यासारखी अहिराणी बोलायची. मला त्या डोंगरातल्या बोलीतले वीसेक शब्द येत होते आणि मी ते चुकीच्या जागी वापरून लेकरांना हसवायची. वेस्ता आमच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचा, वरती कधी बसायचा नाही. का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आणि मला तर सगळंच विचारायची सवय होती.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी माय चूल पेटवत होती आणि माझे वडील, आबा, उंबऱ्यात बसले होते. मी आत शेंगा निवडण्याचं निमित्त करून होते. आबा म्हणाले, "आखाड कोरडा निंघना, ते वेस्ताले नही म्हननं पडी."

"लेकरे शेत त्याना पदरमा," माय म्हणाली.

"माले माहीत शे."

एवढंच बोलणं झालं. पण मला ते पुरतं समजलं. सालदाराला वर्षाचं धान्य द्यावं लागतं, आणि ते घरात नव्हतं. पाऊस येणार असं धरून चाललं तरच वेस्ताला 'राहा' म्हणता येणार होतं. आषाढाचं ढेकूळ भिजलं तर वेस्ता राहणार, कोरडं निघालं तर तो, जतरी आणि ती दोन लेकरं आमच्या बांधावरून उठणार, आणि तशा वर्षी त्यांना दुसरा कोण ठेवून घेणार? आणि ढेकळं आणायची होती मी.

इतकं समजूनही मी जे केलं ते केलं. लहानपणी माणूस फार जबाबदार आणि फार बेफिकीर एकाच वेळी असतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी टोपली घेऊन वावरात गेले. चारही कोपरे फिरले, नांगरटीतली मुठीएवढी चार ढेकळं निवडली, टोपलीत अंतरा-अंतराने ठेवली. मग परत येताना गावाबाहेरच्या निंबावर झोका दिसला. आखाजीचा झोका म्हणजे पोरींचा हक्क. गाणी चालली होती. मी टोपली झाडाखाली ठेवली आणि एकच झोका घेते म्हणत किती घेतले कोण जाणे. ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा धावत सुटले, आणि नाल्याच्या उतारावर टोपली कलंडली. तीन ढेकळं वाचली, चौथं खाली पडून भुगा झालं.

वावर आता लांब होतं. समोर नाल्याच्या काठाला वाळलेल्या गाळाचं एक छान घट्ट ढेकूळ होतं, जवळजवळ त्याच आकाराचं. मी विचार केला की पावसाला काय, त्याला सांगायचं असेल तर तो कुठल्याही ढेकळात सांगेल. त्या वयात देवावरचा माझा विश्वास असा सोयीचा होता. मी ते उचललं, टोपलीत ठेवलं आणि घरी आले. आबांनी ढेकळं मांडली आणि दिशा बघून त्यांना महिने दिले. नाल्याचं ढेकूळ पूर्वेला आलं. पूर्व म्हणजे आषाढ.

तो दिवस मी घागरीभोवती घिरट्या घालण्यात काढला. मला अपराधी वाटत होतं असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे मला फक्त उत्सुकता होती. घागरीच्या पोटावर घाम येत होता, थेंब जमत होते, खाली कुठे जातात ते दिसत नव्हतं. मी जमिनीला गाल लावून बघितलं. मायने वेणी धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्ता नेहमीपेक्षा स्वच्छ धोतर नेसून आला आणि पायरीवर बसला. सालदार ठरला की त्याच्या हातात नारळ देतात. माय नारळ पदराखाली घेऊन दारात उभी होती, द्यावा लागेल की नाही हे तिला माहीत नव्हतं. आबांनी घागर उचलली. तीन ढेकळं वरच्या कडेला जरा ओलसर झाली होती. आषाढाचं ढेकूळ आरपार भिजून काळं झालं होतं. आबांनी ती चारही सुपात घेतली, ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाले, "आखाड भिजना, वेस्ता. तू ऱ्हाय."

मायने तोंड वळवून डोळ्यांना पदर लावला आणि नारळ पुढे केला. वेस्ताने तो घेतला नाही. तो सुपाकडे वाकला आणि त्याने आषाढाचं ढेकूळ उचललं. त्याला अंगठ्याने दाबलं, फोडलं, तळहातावर पसरलं. त्या मातीतून डाळीच्या दाण्याएवढे दोन पांढरे शिंपले निघाले.

"जिभाऊ," तो आबांना म्हणाला, "हाई आपला वावरनं नही. आपला वावरमा शिंपा कोठे शेत? हाई नालानी माती शे. हाई लवकर भिजस."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मायने पाहिलं. वेस्ताने नाही पाहिलं. मी झोका सांगितला, उतार सांगितला, फुटलेलं ढेकूळ सांगितलं. मला कोणी मारलं नाही. मार बसला असता तर बरं झालं असतं, निदान माझ्यापुरतं तरी प्रकरण मिटलं असतं. मी म्हटलं, "परत ठेवूत का? मी आते पयत जास आनि लई येस." आबा म्हणाले, "पितरेसले दोनदाव इचारतस का?"

आबांच्या समोर सूप, वेस्ताच्या तळहातावर ती माती, मायच्या हातात नारळ. शेवटी आबा म्हणाले, "म्हनजे यंदा आपलेले कोनी काहीच सांगं नही." आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा किंचित सैल झाला, हे मी पाहिलं आहे. त्या चेहऱ्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. दरवर्षी ढेकूळ हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं आणि आबा त्याप्रमाणे चालायचे, निदान चालतो असं सांगायचे. त्या वर्षी हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. पुढचं सगळं स्वतःच ठरवायचं होतं. माणूस अशा वेळी घाबरेल असं मला वाटलं होतं.

"पोयालोंग ऱ्हाय," आबा म्हणाले. पोळ्यापर्यंत राहा, मग बघू. आखाजी ते आखाजी असा सालदार सगळ्या खानदेशाला माहीत होता; आखाजी ते पोळा असा सालदार कोणी ऐकला नव्हता. गावात लोक हसले. आबा म्हणाले, हसू दे. वेस्ता विचार करून म्हणाला, "बरं." आता नारळाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. ठरल्यासारखं ठरलं होतं आणि नव्हतंही. मायने तो पायरीवर आपटून फोडला आणि सगळ्यांना सारखा वाटला.

दोन दिवसांनी जतरी लेकरांना घेऊन डोंगरात तिच्या भावाकडे निघून गेली. वेस्ताने आबांना विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. "मी एकटा ऱ्हास पोयालोंग. चार तोंडे कसाले?" खोपीसमोरची चूल विझली. आता त्याची भाकरी आमच्याकडून जायची आणि ती मी नेऊन द्यायची. अशाच एका दुपारी तो पेरणीच्या पाभरीचे फण ठाकठीक करत बसला होता तेव्हा मी त्याला विचारलं, "वेस्तादादा, तू सांगं कसाले? गुपचूप ऱ्हातास ते आख्खं साल ऱ्हातास."

त्याने फण उचलून डोळ्यापाशी धरला आणि बघत म्हणाला, "पेरनी कोन करस? मीच ना? बी मन्हा हातथून पडस. नालाना आखाड धरीसन आख्खं बी मातीमा टाकतू, मंग?" एवढं बोलून त्याने मला दगड आणायला पाठवलं. त्याच्या बोलण्यात चांगुलपणाचा आव नव्हता. तो फक्त पुढच्या कामाचा विचार करत होता.

पुढे शाळेत शिकवताना एका वर्षी मी मुलींना चार ठिकाणच्या मातीची ढेकळं आणायला सांगितली. काळ्या वावरातली, नाल्यातली, मुरमाची आणि गावठाणातल्या पांढरीची. चारही एका परातीत ठेवून मध्ये गळकं मडकं ठेवलं. नाल्याचं ढेकूळ सगळ्यात आधी भिजलं, वेस्ता म्हणाला होता तसंच. मुलींनी वह्यांत लिहून घेतलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, मग पावसाचं काय?" मी म्हटलं, पावसाचं या प्रयोगात नाही. ती समाधानी झाली नाही, आणि मला ती मुलगी फार आवडली.

मी म्हाताऱ्या माणसांनाही विचारत फिरले. कुठे लग्नाला गेले, कुठे कळसाडीसारख्या गावात कुणाच्या घरी दोन दिवस राहिले की संधी साधून विचारायची. घागरीखालच्या ढेकळावर तुमचा विश्वास आहे का? शे, असं सगळे म्हणायचे. मग आषाढ भिजला तर सगळं बी पेरता का? यावर एका म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात वावर बघितलंच नसावं. म्हणाला, "बी कोनी आख्खं पेरस का?" मी म्हटलं, पण विश्वास आहे ना? "शे ना," तो म्हणाला. त्याला माझ्या प्रश्नातली अडचणच दिसत नव्हती. मी वर्गात शिकवलेल्या तर्कात एकत्र न बसणारी दोन वाक्यं त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने बसली होती. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की त्याचं चुकतंय. आता वाटतं, प्रश्न विचारणारीच थोडी चुकत असावी.

त्या वर्षी आबांनीही आख्खं बी पेरलं नाही. जेठाच्या सुरुवातीला त्यांनी कोठीचं लिंपण फोडलं. बी सुपात काढलं, राख पाखडली आणि हातानेच दोन ढीग केले. एक ढीग परत कोठीत गेला, तोंड पुन्हा लिंपलं. दुसरा वावरात गेला. पावसाआधी कोरड्या मातीत पेरतात त्याला आमच्याकडे धूळपेरणी म्हणतात. आबा बैल हाकत होते आणि वेस्ता पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडत होता. इतकी धूळ उडत होती की दोघंही कमरेपर्यंतच दिसत. मी मागून चिमण्या हाकलत होते. बी पडताना दिसत नव्हतं. पडत असेल असं धरून चालायचं होतं.

पंधरा दिवसांनी एक सर आली आणि गेली. चार दिवसांनी वावरात हिरव्या रेषा उमटल्या. माय बांधावर येऊन उभी राहिली, हसली नाही, पण घरी जाऊन तिने त्या दिवशी भाकरीत कुळीथ घातला नाही. आबा म्हणाले, "हिरवं दिखस." मग आभाळ रोज भरून यायचं आणि रोज संध्याकाळी रिकामंच निघून जायचं. आठवड्याने पानांची टोकं पिवळी झाली. मी घरून लोटा नेऊन बांधाजवळच्या ओळीला पाणी घालू लागले. वेस्ताने पाहिलं. म्हणाला, "कितला झाडेसले देशी?"

"जितला व्हतीन तितला."

तो खोपीतून स्वतःचा तांब्या घेऊन आला. आम्ही दोघांनी चार दिवस ती एक ओळ जगवली. पाचव्या दिवशी विहिरीतून गाळच येऊ लागला. बाकीचं वावर वाळलं त्याच्या दोन दिवसांनंतर आमची ओळ वाळली. मी रडले. वेस्ता म्हणाला, "दोन दिन जास्त जगनी ना." हे सांत्वन होतं की नुसती नोंद, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता कोठीत होतं तेवढंच बी. आणि दळणाची टोपली रिकामी. जतरीच्या भावाने डोंगरातून सुकलेल्या मोहाच्या फुलांचं गाठोडं पाठवलं. आमच्या घरात चुलीवर मोहाची फुलं कधी चढली नव्हती. माय दिवसभर त्या गाठोड्याकडे बघत राहिली आणि संध्याकाळी तिने वेस्ताला बोलावून ती कशी शिजवायची ते विचारून घेतलं. मला ती गोड लागली. आबा मान खाली घालून जेवले.

एका सकाळी माय कोठीपाशी उभी राहून म्हणाली, "काढू का थोडं?" तिने हे याआधी कधीच म्हटलं नव्हतं. आबा म्हणाले, "आठ दिन थांब." आठ दिवसांनी मायने पुन्हा विचारलं नाही, नुसती तिथे उभी राहिली. आबा म्हणाले, "आखो चार दिन." मला त्या वेळी आबांचा राग आला. त्यांना कसली खात्री आहे, असं मला वाटायचं. खात्री कसलीच नव्हती, हे मला खूप मोठेपणी कळलं. ते मायकडे आठ दिवस मागत होते आणि स्वतःकडेही तेवढेच मागत होते. पुढच्या सगळ्या वर्षाची आशा धरण्याची त्यांची ऐपत नव्हती, चार दिवसांची होती.

आषाढ सरता सरता पाऊस आला. तो आला तेव्हा मी झोपले होते, त्यामुळे त्याचं वर्णन मला करता येत नाही. सकाळी उठले तर कोठी उघडी होती आणि घरात कोणी नव्हतं. सगळे वावरात होते.

त्या वर्षी शेवटी किती पीक आलं, हे मला नीटसं आठवत नाही. लोकांना ते ऐकायचं असतं आणि मला सांगता येत नाही म्हणून थोडे हिरमुसतात. मला आठवतो तो पोळा. ज्वारी गुडघ्याला लागली होती. रंग चांगला होता, पण भाद्रपदातला पाऊस पडल्याशिवाय कणसात दाणा भरणार नव्हता, आणि भाद्रपद अजून पुढे होता. वेस्ताने सकाळी बैल नाल्यात धुतले. आबांनी त्यांच्या शिंगांना गेरू लावला, एकाच शिंगाला तीन-तीनदा लावला. वेस्ताची मुदत त्या दिवशी संपत होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. माय त्याला पोळ्याचं जेवण वाढताना दोनदा काहीतरी म्हणायला थांबली आणि भाजी वाढून आत गेली. आबांना 'राहा' म्हणायचं होतं, हे मला दिसत होतं. पण वर्षाचं धान्य देऊ असं म्हणायला घरात अजून काहीच आलं नव्हतं, आणि नुसता शब्द देऊन चार माणसांना अडकवून ठेवणं त्यांना पटत नव्हतं. वेस्ताही आपण होऊन विचारत नव्हता. विचारलं असतं तर आबांना उत्तर द्यावं लागलं असतं.

बैल पुजून झाले. दुपार कलली. तेवढ्यात वाटेवर जतरी दिसली. दोन दिवस चालून, भरल्या तापीतून नावेने येऊन ती आली होती. एक लेकरू कडेवर, एक मागे, डोक्यावर बोचकं आणि हातात बांबूची झाकलेली पाटी. वेस्ता उठून उभा राहिला. त्यालाही ती येणार हे माहीत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आबा ओट्यावरून खाली उतरले. "जतरी," ते म्हणाले, "आजून काही नक्की नही. भादवा बाकी शे."

जतरीने पाटी खाली ठेवली आणि झाकण काढलं. आत तीन कोंबड्या आणि एक कोंबडा पाय बांधून बसवलेले होते. तिने एकेकाची दोरी सोडली. कोंबड्या आमच्या अंगणात अंग झाडून उभ्या राहिल्या.

"पीक उनं ते पीक खासूत, जिभाऊ," ती म्हणाली. "नही उनं ते कोंबड्या खासूत."

आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "कौतिक, दाना टाक त्यासले." मी आत गेले. जात्यापाशी दळणासाठी काढलेली ज्वारी होती, मूठ मूठ मोजून ठेवलेली. मी भीत भीत त्यातली एक मूठ घेतली आणि वळले, तर माय दारात उभी होती. तिने माझी मूठ पाहिली.

"आखो एक ले," ती म्हणाली.